आबे फारिया : एका गोमंतकीय धर्मगुरूचे अल्पचरित्र

जुन्या गोव्यास संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या दर्शनासाठी आमच्या बारामती व इंदापूर भागातून जी मंडळी जाते, ती परतताना बहुधा पणजीसही उतरते. तेथे मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाच्या शेजारी, एक पुतळा आहे. लांब झगा घातलेले एक पाद्री हात पुढे करून उभे आहेत, आणि त्यांच्यासमोर एक स्त्री भान हरपून मागे कलंडली आहे. आमच्या मंडळीस हे दृश्य पाहून नवल वाटत नाही. पाद्रीबाबा भूत उतरवीत आहेत, असा अर्थ ती तत्काळ लावते. आणि गावी परतल्यावर कोणी ना कोणी आम्हांस येऊन विचारते की, तसले सामर्थ्य आम्हांपाशी आहे काय. घरात कोणी महिनोन्‌महिने झोपत नाही, कोणी भिंतीशी बोलतो, कोणी तरणीताठी सून अन्नास शिवत नाही. देवऋषी करून झाले, गंडेदोरे बांधून झाले, आता पाद्रीबाबांची पाळी. ज्युबिलीच्या ह्या स्मरणिकेत त्या पुतळ्यातील पुरुषाचे चरित्र देण्याचे आम्ही योजिले, त्याचे कारण हा प्रश्नच होय. ते धर्मगुरू भूत उतरवीत नव्हते. त्या स्त्रीच्या अवस्थेत भुताचा हात नाही आणि पाद्रीबाबांच्या बोटांत काही गुप्त शक्तीही नाही, हे युरोपच्या विद्वानांस प्रथम स्पष्टपणे सांगणारे ते पुरुष होते.

जोसे कुस्तोदियो द फारिया ह्यांचा जन्म ३१ मे १७५६ रोजी बार्देश महालातील कांदोळी गावी झाला. त्या काळी आमच्या बारामतीस, कऱ्हेच्या काठी, नाईकांच्या आश्रयास मोरोपंत राहत होते, असे सांगितले म्हणजे तो काळ वाचकांच्या ध्यानी येईल. वडील कायतान व्हितोरिनो हे कोलवाळचे. त्यांचे घराणे मूळचे सारस्वत ब्राह्मण, काही पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती झालेले. आई रोझा मारिया द सोझा ह्या कांदोळीच्या. उभयतांचा संसार जमला नाही. धर्मसभेच्या अनुमतीने ती दोघे विभक्त झाली. वडील विवाहापूर्वी सेमिनरीत शिकत होते. त्यांनी राहिलेले शिक्षण पुरे करून गुरुदीक्षा घेतली, आणि आई जुन्या गोव्याच्या सांता मोनिका मठात धर्मभगिनी झाल्या. असली घटना वाचली म्हणजे भाविक मनास त्यात केवळ त्यागच दिसतो. आम्हांस, पुष्कळ घरे पाहिल्यावर, आधी ते मूल दिसते. आई एका मठात, बाप दुसऱ्या वाटेला, आणि मधे एक मुलगा.

१७७१ साली वडील त्या मुलास घेऊन जहाजाने लिस्बनास निघाले. मुलाचे वय पंधरा. त्यानंतर त्याने गोवा पुन्हा पाहिला नाही. लिस्बनहून पितापुत्र रोमला गेले, आणि तेथे प्रोपागांदा फिदेच्या विद्यालयात मुलाचे शिक्षण झाले. १२ मार्च १७८० रोजी त्यांस गुरुदीक्षा मिळाली. धर्मशास्त्रातील डॉक्टर ही पदवीही त्यांनी संपादिली. पवित्र आत्म्याच्या सणाच्या दिवशी पोप सहावे पायस ह्यांच्यासमोर सिस्टीन चॅपेलात प्रवचन करण्याचा मान ह्या गोमंतकीय तरुणास लाभला. पुढे ते लिस्बनास वडिलांकडे परतले.

आता जो प्रसंग सांगावयाचा, तो गोव्यात पोरेबाळेही जाणतात. राणी दोना मारिया पहिली हिच्या केलुझ येथील राजवाड्यातील चॅपेलात आबे फारिया प्रवचनास उभे राहिले. समोर राणी, सरदार, मानकरी, दरबारच्या स्त्रिया. रोमला पोपसमोर बोललेला हा पुरुष व्यासपीठावर चढला आणि त्याची वाचाच बसली. शब्द आठवेनात, जीभ हलेना. वडील व्यासपीठाच्या खालीच बसले होते. त्यांनी मुलाची दशा ओळखली आणि मान वर करून हळूच कोकणीत बजावले की, ही समोरची सगळी नुसती भाजी आहे, तू आपला भाजी चिरावयास लाग. एवढ्याने काय जादू झाली कोण जाणे! भीती उडाली आणि प्रवचन अस्खलित पार पडले. परंतु घरी गेल्यावर त्यांच्या मनास प्रश्न लागला तो लागलाच. दोन क्षणांपूर्वी ज्याचे हातपाय गार पडले होते, त्यास औषध दिले नाही, मंत्र घातला नाही, त्याच्या अंगास कोणी स्पर्शही केला नाही. केवळ विश्वासाच्या माणसाचा एक शब्द कानी पडला आणि देहाची अवस्था पालटली. हे कसे घडते? पुढील सगळे आयुष्य त्यांनी ह्याच प्रश्नामागे घालविले, असे परंपरा सांगते.

येथे आम्ही थोडे थांबतो. आम्हां धर्मगुरूंस सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकवितात, ईश्वरविज्ञान शिकवितात, प्रवचन कसे रचावे तेही शिकवितात. व्यासपीठावर जीभ टाळ्यास चिकटली तर काय करावे, हे आमच्या वेळी कोणी शिकविले नाही. आणि जीभ चिकटणे ही तर लहान गोष्ट. रविवारची दुसरी मिस्सा आटोपून, बारामतीपासून इंदापूरपर्यंत पन्नासएक किलोमीटरच्या टापूतील वस्त्या फिरून, रात्री जो धर्मगुरू एकटा खोलीत येऊन बसतो, त्याच्या मनात काय चालते हे धर्मग्रामास कसे कळावे? दिवसभर त्याने दुसऱ्यांचे मृत्यू, दुसऱ्यांची कर्जे, दुसऱ्यांची दारू ऐकलेली असते. त्यास झोप आली नाही तर तो स्वतःस सांगतो की, प्रार्थना कमी पडली. कधी ते खरे असेलही. परंतु पुष्कळदा जे कमी पडलेले असते ते व्यासपीठाखाली बसलेले माणूस होय. फारियांस त्या दिवशी बाप लाभला. सर्वांस तो लाभतोच असे नाही, आणि स्वतः फारियांसही पुढे तो लाभला नाही, हे लवकरच दिसेल.

आणखी एक गोष्ट ह्याच ठिकाणी सांगितली पाहिजे. ज्या राणीस पाहून आमचे फारिया भ्याले, ती राणीच पुढे भयाने ग्रासली. १७८६ साली तिचा पती वारला; १७८८ साली थोरला मुलगा देवीच्या रोगाने गेला, आणि त्याच वर्षी तिचा विश्वासू पापनिवेदनगुरूही गेला. राणी अत्यंत धर्मशील होती. आपले वडील नरकात गेले आणि आपलीही गती तीच, असा ध्यास तिच्या मनाने घेतला, आणि तिच्या किंकाळ्या राजवाड्यात घुमू लागल्या. इंग्लंडच्या राजावर उपचार केलेले डॉक्टर विलिस ह्यांस मुद्दाम बोलाविले, तरी गुण आला नाही. १७९२ साली ती राज्यकारभारास असमर्थ ठरली आणि १८१६ साली ब्राझीलमध्ये रिओ द जानेरो येथे त्याच अवस्थेत मरण पावली. तिच्या पदरी धर्मोपदेशकांची वाण नव्हती. श्रद्धा कमी असते त्याचेच मन आजारी पडते, असे मानणाऱ्यांनी ह्या राणीचे चरित्र वाचावे. तिच्या बाबतीत आजारानेच श्रद्धेचे रूप घेतले होते. आणि ज्यास नुसते आणखी उपवास व आणखी पश्चात्ताप सांगितला, त्याचे असले दुखणे वाढते.

१७८७ साली गोव्यात पोर्तुगीज सत्तेविरुद्ध कट उघडकीस आला. कांदोळीच्या पिंटो घराण्यावरून त्यास पिंटोंचे बंड म्हणतात. एतद्देशीय धर्मगुरूंस केवळ वर्णामुळे वरच्या जागा नाकारल्या जात, हे त्या असंतोषाचे एक मोठे कारण होते. पंधरा जणांस पणजीत देहान्त शिक्षा झाली. कटातील काही धर्मगुरूंचे लिस्बनात फारिया पितापुत्रांकडे येणेजाणे होते. त्यामुळे ह्यांच्यावरही संशय आला. १७८८ साली आबे फारिया पॅरिसास गेले. पुढल्याच वर्षी तेथे राज्यक्रांती झाली. तिच्या धामधुमीत ५ ऑक्टोबर १७९५ रोजी सत्ताधारी सभेविरुद्ध जो उठाव झाला, त्यात एका तुकडीचे पुढारपण ह्या धर्मगुरूंनी केले असे चरित्रकार लिहितात. तो उठाव फसला. शस्त्र हे त्यांचे क्षेत्र नव्हते, आणि आमच्या विषयासही त्याचा फारसा उपयोग नाही.

त्यांचे खरे कार्य समजण्यास त्या काळी मनाच्या दुखण्याकडे कोणत्या दृष्टीने पाहत, ते सांगणे भाग आहे. जर्मन मुलखात गास्नर नावाचे एक धर्मगुरू होऊन गेले. आजार हा सैतानाचा असतो असे धरून ते भरसभेत रोग्याच्या अंगातील भुतास आज्ञा करीत. रोग्यास झटके येत, आणि पुष्कळांस बरेही वाटे. लोकांची झुंबड उडाली. शेवटी राजसत्तेने त्यांस आवरले आणि खुद्द रोमनेही ह्या जाहीर प्रकारांवर नापसंती दर्शविली. त्याच सुमारास व्हिएन्नाचे डॉक्टर मेस्मेर पुढे आले. त्यांचे म्हणणे असे की, भूत वगैरे काही नाही, विश्वात एक अदृश्य प्रवाह भरलेला आहे, तो वैद्याच्या हातातून रोग्याच्या अंगात उतरतो आणि रोग जातो. पॅरिसात ह्या विद्येचे भलतेच वेड माजले. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने विद्वानांची समिती नेमली. तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन व रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए हे होते. असला कोणताही प्रवाह नाही, जे घडते ते कल्पनेने घडते, असा निर्णय त्यांनी दिला आणि विषय मिटवून टाकला.

परंतु कल्पनेने घडते म्हणजे कसे घडते, हे विचारण्याची तसदी त्या समितीने घेतली नाही. ती आबे फारियांनी घेतली. मेस्मेरचे शिष्य मार्की द प्युइसेग्युर ह्यांच्यापासून त्यांनी ही विद्या उचलली. आरंभी त्यांचाही तिच्यावर भाबडा विश्वास होता. शातोब्रियां ह्या प्रसिद्ध लेखकाने आपल्या आठवणींत लिहून ठेविले आहे की, एका मेजवानीत आबे फारियांनी नुसत्या ह्या विद्येच्या बळावर एक कॅनरी पक्षी मारून दाखविण्याची प्रौढी मिरविली. पक्षी काही केल्या मरेना, आणि लाजेकाजेस्तव आबेंसच तेथून उठून जावे लागले. गोष्टीस मीठमसाला असेल. तथापि तो पक्षी वाचला ह्यात आश्चर्य नाही. फारियांवर विश्वास ठेवण्याइतके मन त्यास कोठून असणार!

१८११ साली ते मार्सेय येथे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले, तेथील वैद्यकसभेनेही त्यांस सभासद करून घेतले. मग कमी दर्जावर नीम शहरी बदली झाली. आणि १८१३ साली ते पॅरिसास परतले. त्याच वर्षीच्या ऑगस्टात रू द क्लिशी ह्या रस्त्यावरील एका घरात त्यांनी आपले जाहीर वर्ग सुरू केले. प्रवेशास पाच फ्रँक पडत. रोग्यास ते आरामखुर्चीत बसवीत, डोळे मिटावयास सांगत, झोपेवाचून दुसरा विचार मनात आणू नये असे सांगत, आणि मन शांत झालेसे पाहून मोठ्याने झोपण्याची आज्ञा देत. बस, इतकेच. हातवारे नाहीत, लोहचुंबक नाही, भारलेल्या पाण्याचे पिंप नाही. झोपी गेलेल्यास ते पाणी देऊन मद्य म्हणून सांगत, आणि त्यास मद्याची चव लागे. आणि हे सगळे करून दाखविल्यावर ते श्रोत्यांस, आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यावा तसे, सांगत की ह्यात माझे काही नाही. माझ्या अंगी शक्ती नाही, माझ्या इच्छेचा जोर नाही. झोप आली ती ह्या माणसाच्या स्वतःच्या एकाग्रतेने, ह्याच्या विश्वासाने; शब्द केवळ निमित्त.

वाचकहो, असे उघडपणे सांगणारा गुणकारी माणूस आपण आपल्या तालुक्यात किती पाहिला? ज्याच्या दारात रांग लागते, तो शक्ती आपलीच असल्याचे सांगतो. निदान तसे समजू देतो. अमावास्येस घुमणाऱ्या बाईच्या अंगात काय येते, ह्याचे उत्तर देवऋषी वेगळे देतो आणि पाण्यावर प्रार्थना म्हणून विकणारा उपदेशक वेगळे देतो. परंतु बाईचे मन कशाने इतके दडपले की त्यास घुमण्यावाचून वाट राहिली नाही, हे दोघेही विचारीत नाहीत. फारियांनी तो प्रश्न माणसाच्या आत नेला. भुताकडून प्रवाहाकडे, आणि प्रवाहाकडून मनाकडे, असा हा प्रवास आहे, आणि त्याचा शेवटचा टप्पा एका कॅथोलिक धर्मगुरूने गाठला, ह्याचा आम्हांस अभिमान वाटतो. त्यांचे सगळेच विचार टिकले असे नाही. ज्याचे रक्त पातळ त्यास ही झोप लवकर येते, असे ते मानीत. झोपलेल्याच्या आत्म्यास दूरचे दिसते असेही मानीत. आज ते कोणी मानीत नाही. मूळ गोष्ट मात्र टिकली.

त्यांच्या वाट्यास काय आले? मेस्मेरचे अनुयायी रागावले, कारण प्रवाहच नाही म्हटल्यावर त्यांची प्रतिष्ठा गेली. काही धर्मपंडितांनी ह्या झोपेमागे सैतान आहे असे ठरविले. फारियांनी त्यांस उत्तर दिले की, निसर्गात जे नित्य घडते त्यास सैतानाचे नाव देणे म्हणजे निर्मात्याच्या कृतीचाच अपमान होय. ह्या दोहोंहून घातक ठरला तो एक नट. तो वर्गात आला, झोपेचे सोंग केले, आणि ऐन वेळी डोळे उघडून भरसभेत आबेंची थट्टा मांडली. १८१६ साली पॅरिसच्या व्हारिएते नाटकगृहात ह्याच विद्येवर एक प्रहसन आले. त्यात पोतिए नावाच्या लोकप्रिय नटाने ह्या गोमंतकीय पाद्रीची नक्कल केली आणि सगळे शहर हसले. वर्ग ओस पडले. साठ वर्षांचा, परदेशस्थ, सावळा, एकटा धर्मगुरू. ज्याचा बाप आता खाली बसलेला नव्हता. ज्या माणसाने भीतीने गोठलेल्यास एक शब्द कसा मोकळा करतो हे जगास दाखविले, त्यास त्या वेळी तसा शब्द सांगणारे कोणी पुढे आल्याचे चरित्रकार सांगत नाहीत. एका अप्रसिद्ध धर्मसंस्थेत चॅप्लेनची जागा पतकरून ते तेथे मिस्सा करीत आणि उरलेल्या वेळात आपला ग्रंथ लिहीत राहिले. त्या ग्रंथाचे चार भाग करण्याचा त्यांचा संकल्प होता. १८१९ साली पहिला भाग निघाला, आणि २० सप्टेंबर १८१९ रोजी ते देवाघरी गेले. मोंमार्त्रच्या स्मशानात त्यांस पुरले. थडग्यावर खूण नाही.

फ्रान्सबाहेर त्यांचे नाव बहुधा एका कादंबरीनेच राखले. आलेक्सांद्र द्यूमाच्या, १८४४ पासून प्रसिद्ध झालेल्या, मोंते क्रिस्तोच्या कथेत शातो दीफच्या तुरुंगात जो विद्वान आबे फारिया भेटतो, त्याचे नाव ह्यांच्यावरून घेतलेले. बाकी तो तुरुंग व तो खजिना केवळ कादंबरीकाराचे होत. खरा वारसा वेगळ्या वाटेने गेला. फारियांच्या वर्गास नोआझे नावाचा एक लष्करी अधिकारी येत असे. त्याने त्यांचे मत पुढे मांडले. ते लिएबो नावाच्या एका खेडवळ डॉक्टरास पटले. हा नान्सी शहराजवळ शेतकऱ्यांवर उपचार करी; औषध हवे असेल त्याने पैसे द्यावे, शब्दाने बरे व्हावयाचे असेल त्यास फुकट, असा त्याचा शिरस्ता. त्याच्यापासून प्राध्यापक बर्नहाइम शिकले, आणि १८८९ साली व्हिएन्नाहून फ्रॉइड नावाचे एक तरुण डॉक्टर नान्सीस जाऊन हे सर्व पाहून आले. केलुझच्या चॅपेलातील कोकणी वाक्य अशा रीतीने कोठच्या कोठे पोहोचले!

आमच्या धर्मसभेनेही ह्या बाबतीत वाट चालली आहे. १९५३ साली पोप बारावे पायस ह्यांनी मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या परिषदेस भेट दिली आणि मर्यादा सांगून त्यांच्या शास्त्रास मान्यता दर्शविली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या भूतोच्चाटनाच्या नव्या विधीत, मनाच्या आजारास भूतबाधा समजू नये अशी ताकीद आहे. आणि बिशपांच्या स्पष्ट परवानगीवाचून कोणाही धर्मगुरूस तो विधी करता येत नाही. म्हणून आम्हांकडे जी मंडळी त्या कामासाठी येते, तिच्यावर आम्ही हात ठेवून प्रार्थना करतो, रोग्यांचा अभिषेक देतो, आणि डॉक्टरांकडे पाठवितो. कित्येकदा बरोबर जातो. आत्महत्या करणाऱ्यास १९१७ च्या धर्मविधिसंहितेने धर्मविधीपूर्वक दफन नाकारले होते. १९८३ च्या संहितेत ते कलम नाही. उसाच्या ह्या पट्ट्यात कर्जाने वा दारूने घर बुडाले म्हणून ज्याने जीव दिला, त्याची आई स्मशानाच्या फाटकाशी थांबून आम्हांकडे अजूनही भीतभीत पाहते. तिने पाहू नये. फाटक उघडे आहे.

सरकारी कायदाही बदलला आहे. २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे वा साखळीने बांधणे हा गुन्हा ठरला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णास बेड्या घालण्यास सर्वत्र मनाई केली. बारामतीस २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पुण्यास येरवड्याचे मनोरुग्णालय आहे, आणि ज्यास रात्री दोन वाजता कोणाशी बोलावेसे वाटते त्याच्यासाठी टेलिमानस ह्या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मराठीतही उत्तर देतो. धर्मगुरूंनीही तो लिहून ठेवावा, आपल्या लोकांसाठी आणि स्वतःसाठी.

गोव्याने आपल्या पुत्राची आठवण उशिरा केली. मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत ह्यांनी घडविलेला पणजीचा तो पुतळा १९४५ सालचा. पुढे पणजीतच आल्तिनोच्या टेकडीवर मनोरुग्णांसाठी रुग्णालय निघाले, तेव्हा त्यास आबे फारिया हेच नाव दिले गेले; आणि आज बांबोळीस मनोविकारांची जी सरकारी संस्था आहे, ती त्याच रुग्णालयातून वाढलेली आहे.